हरणांसाठी काय लावावे? जीवदयेचे बारमाही गणित
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा लेखी पाठ)



सोळावे तीर्थंकर भगवान शांतिनाथ यांचे लांछन हरीण आहे. बाविसावे तीर्थंकर भगवान नेमिनाथ यांनी विवाहप्रसंगी कोंडून ठेवलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून रथ माघारी वळवला आणि गिरनारची वाट धरली, ही कथा घराघरांत सांगितली जाते. हरिणाविषयीचा कळवळा समाजाला नवा नाही. म्हणूनच सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने या दोन तालुक्यांच्या जंगलातील हरणांसाठी चाऱ्याची पेरणी करावी, अशी सूचना सभासदांतून पुढे यावी, हे स्वाभाविकच होय. कोणी मका सुचवला, कोणी हरभरा, कोणी लसूणघास. कोणी उन्हाळ्यात पाणवठ्याकाठी गहू आणि गूळ ठेवण्याची कल्पना मांडली. या सूचनांमागील भावना वंदनीय आहे. परंतु कापडाच्या पेढीवर गिऱ्हाइकाचे माप घेतल्यावाचून ताग्याला कात्री लावत नाहीत. पेरणीपूर्वीही ज्याच्यासाठी पेरावयाचे त्याचे माप घेणे अगत्याचे आहे. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तेवढाच आहे.

हरणांसाठी काय पेरावे, या प्रश्नाचा सर्वाधिक अभ्यास दयाळू माणसांनी नव्हे, तर शिकाऱ्यांनी केला आहे, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार परवाना घेऊन कायदेशीरपणे करता येते. तेथील शिकारी आपल्या जागेत छोटी शेते राखतात, मातीची तपासणी करून तीत चुना मिसळतात आणि क्लोव्हर, चिकोरी, ओट, सलगम यांची पेरणी करतात. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडील बरसीम घासाचे भावंड. शिकारीचा हंगाम शरद ऋतूत येतो. त्या आठवड्यांत हरीण नेमके बंदुकीच्या टप्प्यात यावे, अशा बेताने हे पीक निवडले जाते. शिकाऱ्याचे गणित एका हंगामाचे असते आणि ते त्याच्या दृष्टीने अचूकही असते.

आपल्या देशात हा मार्ग बंद आहे आणि तो बंद असणे योग्यच आहे. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यात परवान्याने शिकारीची सोय होती. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी ती सोय संपुष्टात आणली. या कायद्याने केलेली शिकारीची व्याख्या प्रत्येक अहिंसाप्रेमी माणसाने वाचावी अशी आहे. केवळ मारणे म्हणजे शिकार नव्हे. फासा लावणे, सापळ्यात पकडणे, हाका करून पिटाळणे आणि त्यासाठी आमिष दाखवणे यांचाही समावेश शिकारीत होतो. आमिष आणि अन्न यांत पदार्थाचा भेद नसतो. भेद असतो तो हेतूचा, जागेचा आणि वेळेचा. दयाळू माणसाने चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी ठेवलेले अन्न हे दुसऱ्या कोणासाठी तरी आयते आमिष ठरू शकते. हा धोका ध्यानी ठेवूनच पुढील विचार करावयाचा आहे.

आता गिऱ्हाइकाचे माप घेऊ. तानसा तलावाचे बांधकाम १८९२ साली पूर्ण झाले. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या या तलावाभोवतीचे जंगल १९७० साली अभयारण्य म्हणून घोषित झाले. त्याचा मोठा भाग शहापूर तालुक्यात असून उर्वरित भाग २०१४ साली निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्याच्या वाडा व मोखाडा तालुक्यांत आहे. मुरबाडच्या पूर्वेस सह्याद्रीची भिंत उभी आहे आणि १९८५ साली घोषित झालेल्या भीमाशंकर अभयारण्याची एक कड ठाणे जिल्ह्यात उतरते. या प्रदेशातील हरणे म्हणजे मुख्यतः चितळ, सांबर आणि भेकर. चौसिंगा आणि पिसोरी हे शास्त्रीय दृष्ट्या खरे हरीण नव्हेत, तथापि लोकभाषेत तेही हरणांतच गणले जातात.

या सर्वांची भूक एकसारखी नाही. चितळ कळपाने राहतो, मुख्यतः गवत खातो आणि पाण्यापासून फार दूर जात नाही. सांबराचे वजन दोनशे किलोंच्या पुढे जाते; ते गवताबरोबरच झाडपाला, कोवळे शेंडे आणि बांबूची पाने खाते. वीस-पंचवीस किलोंचे भेकर एकटे फिरते व निवडून खाते. गळून पडलेली फुले, फळे आणि कोवळे कोंब हा त्याचा आहार. जेमतेम तीन-चार किलोंची पिसोरी तर झाडाखाली पडलेल्या फळांवरच मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. एकाच प्रकारचे पीक पेरून या सर्वांची सोय लागेल, ही कल्पना म्हणजे एकाच मापाचा अंगरखा अख्ख्या गावाला घालण्याचा प्रकार होय.

गिऱ्हाइकानंतर विचार करावा तो हंगामाचा. शहापूर-मुरबाड भागात पाऊस वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पडतो, परंतु तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. आषाढ ते आश्विन या काळात जंगलात चाऱ्याला तोटा नसतो. त्या दिवसांत पेरलेली पिके पाहावयास हिरवीगार दिसतात, त्यांची छायाचित्रे उत्तम येतात, परंतु हरणांना त्यांची गरज नसते. दिवाळीनंतर गवत पिवळे पडू लागते. वरकस जमिनीवरील गवत कापले जाते आणि भारे बांधून तबेल्यांकडे रवाना होते. माघापर्यंत उभे राहिलेले गवत काडीसारखे होऊन त्यातील कस जातो. फाल्गुनात वणवे लागतात. फाल्गुन ते ज्येष्ठ हे चार महिने हरणांच्या वर्षातले खरे टंचाईचे महिने होत. ज्या महिन्यात मालाची टंचाई, त्या महिन्याची तरतूद आधी करावी, हा व्यापारातला पहिला धडा येथेही लागू पडतो. शिकारी विचारतो, हरीण माझ्या नजरेसमोर केव्हा येईल? जीवदयेने विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. चैत्र-वैशाखात, कोणीही पाहत नसताना, हरणाच्या पोटात काय जाईल?

या प्रश्नाच्या कसोटीवर सभासदांच्या सूचना तपासून पाहाव्या लागतील.

प्रथम गहू, मका आणि गूळ. हरीण हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटातील सूक्ष्म जीव पाला आणि गवत पचवण्यास सरावलेले असतात. उपाशी हरणाने अचानक भरपूर धान्य खाल्ले, तर पोटात आम्ल वाढते आणि एक-दोन दिवसांत ते दगावू शकते. उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात दयेपोटी मका घातलेली हरणे भरल्या पोटी मरण पावल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना सुपरिचित आहेत. शिवाय एकाच ठिकाणी अन्न ठेवल्याने जनावरे दाटीवाटीने जमतात आणि रोग पसरतो. हरणांचा एक असाध्य विकार, ज्यात मेंदूचा ऱ्हास होतो, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९६७ साली प्रथम आढळला. त्याचा फैलाव रोखण्यासाठी तेथील अनेक राज्यांनी हरणांना अन्न घालण्यावर निर्बंध आणले. आपल्याकडे गुरांमधील लाळ-खुरकुताची साथ वन्य प्राण्यांत शिरण्याचे भय आहेच. तेव्हा धान्य आणि गूळ या सूचनेस आदरपूर्वक नकार देणे, हीच दया ठरेल.

दुसरी सूचना हरभरा, वाल, लसूणघास यांसारख्या पिकांची. येथे शेतकऱ्याचा विचार आला पाहिजे. भाताच्या कापणीनंतर उरलेल्या ओलीवर या भागातील शेतकरी वाल आणि हरभरा घेतो. काही ठिकाणी भेंडी आणि अन्य भाजीपाला पिकतो. त्यातले बरेचसे रानडुकरे आणि हरणे फस्त करतात, ही त्याची जुनी तक्रार आहे. संस्थेने जंगलाच्या कडेला हरभरा पेरून हरणांना त्याची चटक लावली, तर संस्थेचे शेत संपताच कळप शेजाऱ्याच्या शेतात उतरेल. त्या शेतकऱ्याच्या मनात हरणाविषयी राग निर्माण होणे आणि त्या रागातून कुंपणाला फासा लागणे, हा क्रम अवघड नाही. परक्याच्या ताटातले घेऊन केलेले दान पुण्यात जमा होत नाही.

तिसरी सूचना झटपट वाढणाऱ्या परदेशी जातींची. सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी यांची लागवड मागील पिढीत पुष्कळ झाली. सुबाभळीचा पाला गुरे खातात हे खरे. परंतु तिच्यातील एक घटक अधिक प्रमाणात विषारी ठरतो आणि ती पसरू लागली की आवरत नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीखाली गवत फारसे उगवत नाही. संकरित नेपिअर गवत गोठ्यासाठी उत्तम, परंतु त्याला बारमाही पाणी लागते. जंगलात त्याचे काम नाही.

मग लावावयाचे काय? उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग गवताचा, दुसरा झाडांचा.

गवतांमध्ये मारवेल, शेडा, पवन्या आणि डोंगरी या देशी जाती पौष्टिक व टिकाऊ आहेत. कुसळी गवत कोवळे असताना चालते, परंतु कुसळे धरल्यावर ते जनावराच्या तोंडाला टोचते. कुरण तयार करण्याचे पहिले काम पेरणी नव्हे, तर उपटणी आहे. घाणेरी, रानमोडी, रानतुळस आणि तरोटा यांनी मोकळ्या जागा व्यापल्या आहेत आणि हरणे त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. ही झुडपे फुलावर येण्यापूर्वी, श्रावण-भाद्रपदात, मुळासकट काढावी लागतात आणि हे काम किमान तीन वर्षे नेटाने करावे लागते. गवताचे बी दिवाळीच्या आगेमागे परिसरातील माळरानावरूनच गोळा करावे. ते हलके आणि कुसळयुक्त असल्याने माती व शेण यांत कालवून त्याच्या लहान गोळ्या कराव्यात आणि पहिल्या पावसात, वरवर उकरलेल्या जमिनीवर पसराव्यात. मारवेल थोंबे लावूनही चांगले धरते. पहिल्या वर्षी तेथे गुरे जाऊ देऊ नयेत. पुढे गवत एकदम न कापता पट्ट्यापट्ट्यांनी कापावे. कापलेल्या पट्ट्यात ओल असेतो कोवळी फूट येत राहते. फाल्गुनापूर्वी सभोवती जाळरेषा काढली नाही, तर सगळा खर्च एका ठिणगीत जातो.

गवत मात्र टंचाईचे महिने एकट्याच्या बळावर निभावू शकत नाही. ते काम झाडे करतात. आदिवासी ठाकूर, वारली, कातकरी आणि महादेव कोळी समाजांतील जाणत्या माणसांना कोणत्या झाडाखाली कोणत्या महिन्यात कोणते जनावर येते, हे तोंडपाठ असते. पूर्वीचे शिकारी याच ज्ञानाच्या आधारे माचाण बांधीत. तेच ज्ञान आता लागवडीच्या कामी यावे. मार्गशीर्ष ते माघ या काळात बोर, आवळा, बेहडा आणि आसाणा यांची फळे मिळतात. फाल्गुनात काटेसावर आणि पळस फुलतात. काटेसावरीची जाड, मांसल फुले गळून पडली की चितळ आणि भेकर ती आवडीने खातात. चैत्रात मोहाच्या फुलांचा सडा पडतो. मोहाचे नाव निघताच अनेकांना दारू आठवते, परंतु जंगलाच्या दृष्टीने मोह हे कडक उन्हाळ्यातील अन्नछत्र आहे. वैशाखात शिवण आणि टेंभुर्णीची फळे येतात, पुढे करवंद, भोकर आणि मृगाच्या सुमारास जांभूळ. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे पंच उदुंबरांत मोडतात आणि ती श्रावकांना वर्ज्य आहेत. परंतु नेमकी हीच झाडे उन्हाळ्यात पक्ष्यांपासून भेकरापर्यंत अनेक जिवांना जगवतात. जे आपल्या ताटात नाही, ते दुसऱ्याच्या मुखी पडावे यासाठी लावणे, हा अपरिग्रहाचा एक सुंदर अर्थ मानता येईल.

ही केवळ कल्पना नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील बोरी, कोहा आणि कुंड या गावांचे पुनर्वसन एकविसाव्या शतकाच्या आरंभी झाले. ताडोब्यातील नवेगाव आणि जामणी ही गावे २०१३-१४ च्या सुमारास बाहेर आली. गावांची मोकळी झालेली शेते आपोआप कुरणे झाली नाहीत; तण काढून, देशी गवते वाढवून ती राखावी लागली. आज चितळ आणि गवे तेथे चरतात. मध्य प्रदेशातील कान्हा येथे केवळ गवतावर जगणाऱ्या बारशिंग्यांची संख्या १९७० साली अवघी ६६ उरली होती. कुरणे राखून आणि संरक्षण देऊन पुढील पन्नास वर्षांत ती अनेक शेकड्यांवर गेली. पन्नास वर्षे हा काळ या सभागृहाला परिचित आहे.

त्याबरोबर एक उलट उदाहरणही ध्यानी असावे. माळशेज घाट चढून पूर्वेकडे गेले की कमी पावसाचा उघडा मुलूख लागतो. तेथे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. १९८० साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. काळवीट दूरवर पाहून आणि वेगाने धावून जीव वाचवतो. त्याला आखूड गवताचा उघडा माळ हवा. अशा माळावर दाट झाडे लावणे म्हणजे त्याचे घर मोडणे होय. सह्याद्रीच्या एका बाजूस जे पुण्य, तेच दुसऱ्या बाजूस नुकसान ठरते. म्हणून वृक्षारोपणाचा आकडा जाहीर करण्यापूर्वी जमीन कोणती आणि जनावर कोणते, हे विचारणे आवश्यक आहे.

जागेची निवड हा शेवटचा आणि तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे. मुंबई-नाशिक महामार्ग आणि मध्य रेल्वेचा कसाऱ्याकडे जाणारा मार्ग शहापूर तालुक्यातून जातात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पाही खुला झाला. रस्त्याच्या कडेला फळझाडे आणि कुरण राखून हरणांना तेथे बोलावणे म्हणजे त्यांना चाकांखाली लोटणे होय. लागवड रस्त्यापासून दूर, जंगलाच्या आतल्या अंगाला, पाण्याजवळ आणि आडोशालगत असावी. परंतु पाणवठ्याला अगदी चिकटून नसावी, कारण फासा लावणाराही तेथेच येतो. अभयारण्यात किंवा राखीव वनात परवानगीवाचून एक रोपही लावता येत नाही. वनविभागाची संमती, संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा सहभाग आणि २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये ज्या गावांना सामूहिक हक्क मिळाले आहेत, तेथे ग्रामसभेचा ठराव, या तीन गोष्टींवाचून काम सुरू करू नये.

ग्रामस्थांचा सहभाग केवळ कायद्यासाठी नव्हे. मोहाची फुले पहाटे वेचणाऱ्या माताभगिनींचा त्या फुलांवर पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क आहे. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो आणि काही वेळा त्यातूनच वणवा पसरतो. पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून घेण्याची किंवा झाडाखाली जाळी अंथरण्याची सोय संस्थेने करून दिली, तर वेचणारीची फुले स्वच्छ मिळतील, रानही वाचेल आणि नव्याने लावलेल्या मोहांतून उद्या हरणांचाही वाटा निघेल. राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडणाऱ्या शेतकऱ्यालाही शत्रू समजून चालणार नाही. जंगलाची राखण अखेर तोच करणार आहे.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर ही तीन मुदतींची ठेव आहे. कुरणाचा लाभ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून दिसू लागेल. बोर आणि आवळा यांना सुमारे चार ते आठ वर्षे लागतील. मोह फुलावर येण्यास दहा-पंधरा वर्षे वाट पाहावी लागेल. मोहाचे बी फार काळ टिकत नाही, ते पावसाळ्याच्या आरंभी ताजे असतानाच रुजवावे लागते, म्हणजे निर्णयही वेळेवर व्हावयास हवा. रोपे लावण्याच्या खर्चाइतकीच, किंबहुना अधिक, तरतूद पहिल्या पाच वर्षांची राखण, तण-उपटणी आणि जाळरेषा यांसाठी ठेवावी. ज्या देणगीत राखणीचा खर्च धरलेला नाही, ती देणगी छायाचित्रापुरतीच राहते.

शिकारी एका हंगामासाठी पेरतो, कारण त्याला त्याच हंगामात फळ हवे असते. एकटा माणूस पाच-दहा वर्षांचा विचार करू शकतो. पंधरा वर्षांनी फुलणारा मोह लावण्याचे धैर्य मात्र संस्थेजवळच असते. संस्थापकांनी पन्नास वर्षांपूर्वी जे लावले, त्याची सावली आज येथे बसलेल्यांना मिळते आहे. आजच्या विश्वस्तांनी धान्याची पोती जंगलात न नेता, येत्या पावसाळ्यापूर्वी वनविभाग आणि ग्रामसभा यांच्यासमवेत बसून एक लहान कुरण आणि देशी झाडांची एक राई निश्चित करावी, एवढीच नम्र विनंती आहे. त्या राईतली फुले खाणारे हरीण देणगीदाराचे नाव वाचणार नाही. खरे दान तेच.

जय जिनेंद्र.